शून्य मतांचा पलंगपोस

मावशींना एकही मत पडलं नव्हतं.

भाच्यानं निकालाचं पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं. ते उघडायला नेहमीइतकाच वेळ लागला, म्हणजे तेवढ्यात मावशींनी चहा उकळून, गाळून, कपात ओतून मागच्या खोलीत आणलासुद्धा. चित्रं वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होती. आधी पहिलं बक्षीस उतरलं, मग दुसरं, मग उत्तेजनार्थ. आणि पार तळाशी, जिथे सहसा कुणी जात नाही तिथे, मावशींचा पलंगपोस. त्याच्या शेजारी शून्य.

"पूर्ण आलं का पान?" मावशींनी विचारलं.

"आलं."

"या गोलाच्या आधी काहीतरी असेल रे. यायचं राहिलं असेल. तुझं इंटरनेट काय, कुठेही अडकतं."

"आधी काही नाही गं मावशी."

"आणि नंतर?"

"शून्याच्या नंतर काही असून काय उपयोग?"

मावशींनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. शून्य काही हललं नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि तो ससा? एका कानाचा?"

"त्याला एक मत."

"चला. तो विणणाऱ्या बिचारीला एक तरी मिळालं," असं म्हणून मावशी चहा तिथेच ठेवून आत निघून गेल्या. स्वतःची अशी शोभा झालेली असताना दुसऱ्या कुणाच्या लोकरी सशाची चौकशी करणारी ही बाई आपली सख्खी मावशी आहे, या विचारानं भाच्याला भरून आलं. त्या भरात तो दोन्ही कप चहा पिऊन बसला.

या भाच्याला सगळी गल्ली 'नेटकर' म्हणायची. हे त्याचं आडनाव नव्हे. गल्लीत इंटरनेट त्यानं आणलं आणि त्याबद्दल गल्लीनं त्याला हे नाव देऊन टाकलं. मावशींच्या मागच्या खोलीत त्यानं लाकडी मांडणीवर मोडेम रचले होते. लोक आपल्या घरून फोन लावायचे, मोडेम किंचाळायचे, आणि थोड्या वेळानं, कुणी मध्येच रिसीव्हर उचलला नाही तर, लोक जगाशी जोडले जायचे. मोडेम चालू असले की छान गरम राहतात, हे मावशींनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. क्रोशाचे धुतलेले चौकोन त्या मोडेमवर पसरून वाळवायच्या. नेटकर सुरुवातीला कळवळायचा. पण जागा मावशींची, वीज मावशींची आणि दोन वेळचं जेवणही मावशींचंच. त्यामुळे त्याचा आवाज काही वर निघायचा नाही.

तो पलंगपोस याच मोडेमवर वाळला होता. गल्लीतल्या प्रत्येक घराचा एक चौकोन होता आणि प्रत्येक चौकोन त्या घरासारखाच होता. दंतवैद्यांच्या घराला त्यांचं पांढरं फाटक होतं, वर इवलीशी पाटी होती. फोटोवाल्याच्या दुकानाचा लाल पडदा होता. शिवणक्लासच्या बाईंच्या खिडकीत काळं मशीन होतं, त्याचं चाकही दिसायचं. आणि मधोमध मावशींचं स्वतःचं घर, दोन खिडक्यांचं. त्या खिडक्या वेगळ्या विणून वरून शिवल्या होत्या. एका खिडकीत मावशी विणत बसलेल्या, दुसरीत काका वर्तमानपत्र वाचत बसलेले. काका म्हणजे मावशींचे यजमान. वर्तमानपत्राच्या वर त्यांचं फक्त टक्कल दिसायचं, आणि ज्यांनी काकांना पाहिलं होतं त्यांनी ते बघताक्षणी ओळखलं होतं.

असा पलंगपोस घरात घडी घालून ठेवायचा म्हणजे पाप आहे, असं गल्लीचं म्हणणं पडलं. हस्तकलेच्या एका वेबसाइटवर स्पर्धा आहे, हे शिवणक्लासच्या बाईंनी शोधून काढलं. लोकांनी मतं द्यायची, जास्त मतं त्याला बक्षीस, आणि बक्षीस म्हणजे पेटीभर लोकर. फोटोवाल्यानं पलंगपोसाचा फोटो काढून स्कॅन करून दिला आणि वर "मावशी, यात माझंही दुकान आहे" म्हणून पैसे घेतले नाहीत. मतदान सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली एकदमच फोन लावायला बसली. मागच्या खोलीतले मोडेम जे किंचाळायला लागले ते दुपारपर्यंत थांबले नाहीत. ज्यांच्याकडे संगणक नव्हता ते शेजाऱ्यांकडे जाऊन मत देऊन आले. प्रत्येकाला पडद्यावर 'आपले मत मिळाले, धन्यवाद' असं आलं, आणि प्रत्येकानं व्हरांड्यात येऊन मावशींना तसं सांगितलं. मावशी प्रत्येकाला "कशाला उगाच" म्हणाल्या आणि दिवसभर गालातल्या गालात हसत राहिल्या.

आणि आता शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर पलंगपोस होता आणि हातात नखं कापायची लहान कात्री. येणारे-जाणारे थबकून बघू लागले, कारण मावशींना विणताना सगळ्यांनी पाहिलं होतं, उसवताना कुणीच नाही. त्यांनी दंतवैद्यांच्या घराचा चौकोन चारही बाजूंनी सोडवला, शेवटची गाठ शोधून कापली आणि दोरा ओढला. आधी छप्पर गेलं. मग पाटी गेली. फाटकाची वेळ आली तेव्हा दंतवैद्य स्वतः धावत आले, अंगात पांढरा डगला, हातात आरसा. त्यांच्या दवाखान्यात कुणीतरी आ वासून खुर्चीत बसलं असणार, हे उघड होतं.

"मावशी, हे काय करताय?"

"फाटक काढतेय तुमचं."

"अहो, पण मी मत दिलंय तुम्हाला!"

"मग गेलं कुठे?"

"ते मी कसं सांगणार?"

"दाढ काढतानाही तुम्ही असंच सांगता," मावशी दोरा गुंडाळत म्हणाल्या. "काही दुखणार नाही म्हणून."

मावशींची दाढ त्यांनीच काढली होती.

दिवसाला एक घर या हिशेबानं गल्ली उसवायला लागली. प्रत्येक जण सकाळी उठून आधी व्हरांड्याकडे नजर टाकायचा, आज कुणाचा नंबर म्हणून. शिवणक्लासच्या बाई तर आपली पाळी येण्याआधीच रडवेल्या होऊन येऊन उभ्या राहिल्या. शिवणारी बाई आणि विणणारी बाई, म्हणजे मत्सरानं मत दिलं नसणार, असं गल्लीत दोन-चार जण कुजबुजले होते आणि ते त्यांच्या कानावर आलं होतं.

"मावशी, स्पर्धा मीच शोधून दिली होती ना? मी नाही का मत देणार?"

"तुमच्या मशीनचं चाक विणायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता," मावशी एवढंच म्हणाल्या. बाईंचं घर त्यांनी सगळ्यात सावकाश उसवलं, त्याचा अर्थ कुणी काय घ्यायचा तो घ्यावा.

घरात काकांचे हाल कुत्रा खाईना. मावशी त्यांना वेळेवर जेवायला वाढत होत्या, पण वाढताना ब्र काढत नव्हत्या. काका सबंध आयुष्यात फारसं बोलले नव्हते, कारण तेवढं मावशी बोलायच्या. आता घरात कुणीच बोलेना म्हटल्यावर त्यांना बोलायची वेळ आली आणि सवय नसल्यानं ते फार वाईट बोलत.

"अगं, मी मत दिलं. शपथेवर सांगतो, दिलं."

"सगळेच शपथेवर सांगतायत."

"पण मी खरंच दिलं."

"मग एक तरी दिसायला हवं होतं की नाही? गल्लीचं जाऊ दे. घरचं एक?"

काका वर्तमानपत्रामागे गेले आणि जेवण होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. मी मत दिलंय, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा माझं मत काहीतरी चुकून गहाळ झालं असणार, पण बाकीच्या सगळ्यांचीही चुकून गहाळ झाली असतील हे कसं शक्य आहे? म्हणजे बाकीचे थापा मारतायत. असं प्रत्येक घरात बसून प्रत्येकानं ताडलं, आणि रस्त्यात भेटल्यावर एकमेकांकडे बघून जे हसू लोकांच्या तोंडावर असायचं ते बंद झालं. दात दुखणारे दंतवैद्यांकडे यायचं सोडून दुसऱ्या गल्लीत जाऊ लागले.

शेवटी दंतवैद्यांनीच पुरावा आणायचं ठरवलं. ते शिकलेले गृहस्थ होते आणि मत दिल्यावर आलेलं 'धन्यवाद'चं पान त्यांनी संगणकात साठवून ठेवलं होतं. गल्लीत छपाईयंत्र एकट्या फोटोवाल्याकडे होतं. त्यांनी ते पान छापून घेतलं आणि सकाळच्या उन्हात तो कागद फडकवत ते व्हरांड्यात आले. फोटोवाल्याला वाटलं, कल्पना चांगली आहे. त्यानं आपलंही पान छापलं. शिवणक्लासच्या बाईंना कळलं, त्यांनीही छापून घेतलं. ते पान आठवण म्हणून बऱ्याच जणांनी साठवून ठेवलं होतं. थोड्याच वेळात व्हरांड्यासमोर हातात कागद घेतलेल्या माणसांची गर्दी झाली. मावशींच्या हातात त्या दिवशी फोटोवाल्याचा लाल पडदा होता, तो अर्धा उरला होता.

"हे बघा मावशी. 'आपले मत मिळाले.' आणि खाली हा नंबर. या नंबरावरून मत आलं, असं त्यांनीच लिहिलंय," दंतवैद्य म्हणाले.

खाली खरंच बारीक अक्षरात टिंबांनी तोडलेला एक लांबलचक नंबर होता.

"माझ्यावरही आहे नंबर," शिवणक्लासच्या बाई पुढे झाल्या.

दंतवैद्यांनी त्यांचा कागद घेतला, आपल्या कागदाशेजारी धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी फोटोवाल्याचा कागद हिसकावून घेतला. मग मागच्या दोघातिघांचे घेतले.

"हा तर माझाच नंबर आहे! सगळ्यांवर माझाच नंबर!"

"तुमचा कसा? माझा आहे तो," बाई म्हणाल्या.

"अहो, कळत कसं नाही तुम्हाला? या गृहस्थांनी माझंच पान पुन्हा पुन्हा छापून सगळ्यांना वाटलंय!" दंतवैद्य फोटोवाल्याकडे आरसा रोखत म्हणाले. आरसा ते विसरून हातात घेऊनच आले होते. "म्हणजे मत दिलं ते मी एकट्यानं! बाकी सगळी बनवाबनवी!"

"तोंड सांभाळून बोला," फोटोवाला म्हणाला. "तुमचा दात विचकलेला फोटो मी तीन वेळा काढला, तेव्हा कुठे पाटीवर लावण्यासारखा आला. तेव्हा नाही बनवाबनवी म्हणालात?"

गर्दीत मागे उभ्या असलेल्या नेटकरनं पुढे वाकून एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसरा बघायचं टाळलं. तो नंबर दंतवैद्यांचा नव्हता, बाईंचा नव्हता आणि फोटोवाल्याचाही नव्हता. तो नंबर त्याच्या ओळखीचा होता, कारण तो त्याचाच होता.

झालं होतं असं. ज्या मोठ्या कंपनीकडून नेटकर इंटरनेट घ्यायचा तिनं त्याला बाहेरच्या जगात वापरायला एकच नंबर दिला होता. आणखी हवे असतील तर अर्ज करा, वाट बघा, पुन्हा अर्ज करा. नेटकरला वाट बघवली नाही. एका नंबरामागे सगळी गल्ली बसवता येते, असं त्यानं कुठेतरी वाचलं आणि बसवली. ते इतकं झकास चालत होतं की कुणाला पत्तासुद्धा लागला नाही, आणि त्यानंही तो कुणाला लागू दिला नाही. कारण मागच्या खोलीच्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'प्रत्येकाला स्वतःचं, स्वतंत्र इंटरनेट'. आता खरं सांगावं तर पाटी खोटी ठरत होती आणि गिऱ्हाईकं हातची जाणार होती. न सांगावं तर काय, आणखी एखादं घर उसवेल. घरं काय, पुन्हा विणता येतात. नेटकरनं मनाची अशी समजूत घातली आणि हळूच मागे सरकला.

तेवढ्यात मावशींनी लाल पडदा बाजूला ठेवला. समोरच्या भांडणाकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. त्यांनी पलंगपोसाचा मधला चौकोन पुढे ओढला, स्वतःच्या घराचा, आणि उजवीकडच्या खिडकीचे टाके कापायला सुरुवात केली.

दारात उभे असलेले काका दोन पावलं पुढे आले. "अगं," ते म्हणाले, "त्यात मी बसलोय."

"बसला होतात," मावशी म्हणाल्या.

दंतवैद्यांनी आरसा खाली घेतला. मावशींची कात्री टाक्याऐवजी दुसरीकडेच लागत होती. गेले इतके दिवस त्या रागावल्या आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं, इतकं की ते सांगायलाही त्यांना लाज वाटत होती. ज्यांची दारं-खिडक्या त्यांनी वर्षभर डोळे फोडून विणली त्यातल्या एकालाही आपण एका मताच्या लायकीच्या वाटलो नाही, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

"थांब मावशी!" नेटकर ओरडला. इतक्या मोठ्यानं की स्वतःच दचकला. "त्यांचं काही चुकलं नाही. माझं चुकलंय. तो नंबर माझा आहे."

"म्हणजे सगळी मतं तू दिलीस?" दंतवैद्यांनी विचारलं.

"नाही हो! तुम्हीच दिलीत, आपापली. पण... कसं सांगू?" नेटकरनं आजूबाजूला पाहिलं. व्हरांड्याच्या पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. "असं समजा, एक घर आहे. घरात वापरायच्या चपला प्रत्येकाच्या आपापल्या. पण बाहेर जायचा जोड अख्ख्या घरात एकच. ज्याला बाहेर जायचं त्यानं तोच घालून जायचं. दारात मी बसलोय. कोण गेलं, कुणासाठी काय आलं, ते सगळं मी लक्षात ठेवतो. त्यामुळे ज्याचं त्याला बरोबर मिळतं. कधी गफलत झालीय का सांगा?"

"नाही झाली," बाई म्हणाल्या.

"पण बाहेर रस्त्यावर ठसे उमटतात ते एकाच जोडाचे. त्या स्पर्धावाल्यांचा नियम आहे, एका नंबरावरून एकच मत. त्यांना वाटलं, एकच माणूस पुन्हा पुन्हा येऊन मतं टाकतोय. धन्यवाद सगळ्यांना म्हणाले, पण मोजली नाहीत."

मग दंतवैद्यांनी सावकाश विचारलं, "म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मी आणि हे फोटोवाले एकच?"

"बाहेरून, हो."

दंतवैद्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं, फोटोवाल्यानं दंतवैद्यांकडे. दोघांनाही ते फारसं रुचलं नाही.

"आणि पाटीवर 'स्वतंत्र' लिहिलंयस ते रे?" फोटोवाल्यानं विचारलं.

नेटकरनं मान खाली घातली. आता एकेक जण कनेक्शन तोडणार, मोडेम गार पडणार आणि मावशींना चौकोन उन्हात वाळवावे लागणार, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पण तेवढ्यात शिवणक्लासच्या बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"एक मिनिट. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते?"

"नाही बाई."

"आणि हे? आणि हे?"

"कुणीच नाही. सगळ्यांनी मत दिलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की बाकीच्यांनाही एकदम मोकळं वाटायला लागलं. दंतवैद्य पुढे होऊन फोटोवाल्याच्या पाठीवर थाप मारते झाले. "माफ करा हं. मी काहीबाही बोललो." "छे छे, तुमचा फोटो तसा पहिल्या खेपेलाच बरा आला होता," फोटोवाला म्हणाला. पाटीचा विषय कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आपण खोटे नाही आणि शेजारीही खोटे नाहीत, हे कळल्यावर इंटरनेट स्वतंत्र आहे की नाही याला कोण विचारतो? मावशी खुर्चीत तशाच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं. "मला?"

"सगळ्यांनी," नेटकर म्हणाला. मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि त्याच पदरानं नाकही पुसलं. त्यांना इतकं बरं वाटत होतं की काय करावं ते सुचेना.

इथे गोष्ट संपली असती, पण दंतवैद्य शिकलेले होते.

"पण मग एक मत तरी पडायला हवं होतं," ते म्हणाले. "आपण सगळे मिळून एक माणूस, ठीक आहे. त्या एका माणसाचं एक मत? ते कुठे गेलं?"

नेटकर घुटमळला. "सगळ्यात आधी आलेलं मत ते धरतात."

"म्हणजे आधीचं मत मावशींना नव्हतं."

"तसंच दिसतंय."

"म्हणजे आपल्यातल्या कुणीतरी सगळ्यांच्या आधी बसून मत दिलं, आणि ते दुसऱ्यालाच दिलं!"

सगळ्यांच्या माना आपोआप शिवणक्लासच्या बाईंकडे वळल्या. बाईंचा आत्ताच भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. "देवा," त्या म्हणाल्या, "पुन्हा मीच?"

"आधी म्हणजे," मावशींनी मध्येच विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आधी म्हणजे किती आधी? समजा, आदल्या संध्याकाळी? मतदान सुरू झाल्या झाल्या?"

"तेव्हा कुणी दिलं असेल तर तेच धरलं असणार," नेटकर म्हणाला. "का गं?"

मावशींनी कात्री मिटली. मांडीवरचा पलंगपोस नीट केला. मग नसलेली सुरकुती पुन्हा एकदा नीट केली.

"तू भाजी आणायला गेला होतास," त्या म्हणाल्या. "तुझं ते यंत्र चालूच होतं. म्हटलं, बघू या तरी कसं देतात."

"मावशी! तू दिलंस?"

"एकच दिलं."

"कुणाला?"

"स्वतःलाच कसं देणार रे? बरं दिसतं का ते? लोक काय म्हणतील, आपणच विणलं आणि आपणच मत दिलं!" मावशींनी सगळ्यांकडे आधारासाठी पाहिलं. "तो ससा होता ना. एक कान विणून झाला आणि दुसऱ्याला लोकर पुरली नाही, असं त्या बाईनं खाली लिहिलं होतं. म्हटलं, मला तर अख्खी गल्ली देणार आहे. हिला कोण देणार?"

व्हरांड्यात सुई पडली असती तरी ऐकू आली असती, आणि तिथे सुया पुष्कळ होत्या.

"म्हणजे," दंतवैद्य एकेक शब्द चावत म्हणाले, "आमच्या अख्ख्या गल्लीचं मत एका कानाच्या सशाला गेलं."

"मिळालं ना पण त्याला," मावशी म्हणाल्या. "एक."

पहिल्यांदा हसल्या त्या शिवणक्लासच्या बाई. सगळ्यात जास्त सुटका त्यांचीच झाली होती, म्हणून त्यांचा हक्कही पहिला होता. मग फोटोवाला हसला. मग दंतवैद्य हसले आणि त्यांनी तोंड इतकं उघडलं की त्यांच्या स्वतःच्या दोन दाढा किडल्यात हे सगळ्यांना दिसलं. मावशी सगळ्यात शेवटी हसल्या. हसता हसता "अगं बाई, फाटक होतं हो किती छान, माझ्या हातानं उसवलं मी" म्हणून पुन्हा रडल्या आणि पुन्हा हसल्या.

"विणून देता ना?" दंतवैद्यांनी विचारलं.

"देते, देते. फाटक देते, पाटी देते. आणि बाई, तुमच्या मशीनला या खेपेला पायानं हलवायचा पायटासुद्धा विणते."

त्या दिवसापासून मावशींचा हात पुन्हा चालू झाला. ज्यांची घरं उसवली होती ते आपापल्या लोकरीचा गुंडा ओळखून घेऊन समोर बसायचे आणि दोरा सोडत राहायचे. काही जणांनी या निमित्तानं सुधारणाही करून घेतल्या. फोटोवाल्यानं पडदा निळा करून घेतला. दंतवैद्यांकडे दात दुखणारे परत आले. नेटकरनं पाटीवरचा 'स्वतंत्र' हा शब्द पुसायला घेतला, पण रंग निघेना आणि कुणाची तक्रारही नव्हती, म्हणून तो तसाच राहिला.

एका दुपारी नेटकर मागच्या खोलीत कंपनीला अर्ज लिहीत बसला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा नंबर मिळावा म्हणून. काका येऊन दारात उभे राहिले. मांडणीवर, मोडेमवर, त्यांची खिडकी वाळत पडली होती. ती सगळ्यात शेवटी विणली होती आणि आधीपेक्षा मोठी झाली होती. आत वर्तमानपत्र होतं आणि वर टक्कल होतं. आता फक्त चौकोनावर शिवायची बाकी होती.

"काय लिहितोयस?" काकांनी विचारलं.

"वेगळे नंबर मागवतोय काका. पुढच्या स्पर्धेत पुन्हा घोटाळा नको. प्रत्येकाचं मत प्रत्येकाच्या नावानं मोजलं जाईल."

काकांनी मागे वळून पाहिलं. मावशी व्हरांड्यात होत्या. त्यांनी खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं.

"घाई आहे का त्याची?"

"का हो?"

"नाही म्हणजे, एक नंबर बरा आहे," काका म्हणाले. ते खिडकीतल्या टकलावरून बोट फिरवत राहिले. "तू त्या दिवशी म्हणालास ना, सगळ्यांनी तिला मत दिलं म्हणून."

"हो."

"मी मत दिलं असं मी म्हणत होतो. शपथेवर म्हणत होतो. कुणाला ते मला कुणी विचारलंच नाही."

नेटकरनं पेन खाली ठेवलं. "काका. नाही!"

"अरे, तिला तर अख्खी गल्ली देणार होती," काका घाईघाईनं म्हणाले. "आणि त्याला एकच कान होता रे. मला वाटलं, याला कोण देणार? माझं मोजलं असतं तर सशाला दोन पडली असती. एक तिचं. दुसरं कुणाचं, हे शोधल्याशिवाय तिनं मला जेवू दिलं असतं का?"

त्यांनी आजवर एका दमात केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण होतं. ते संपल्यावर काकांनी असा निःश्वास सोडला की नेटकरला त्यांना काही म्हणवेना. त्यानं अर्ज उचलला, दुमडला आणि मांडणीच्या मागे सरकवून दिला.

तेवढ्यात व्हरांड्यातून मावशींची हाक आली. "अहो! तुमच्या खिडकीला पडदा पिवळा लावू की हिरवा? तुमचं काय मत?"

काकांनी दार उघडलं, घसा साफ केला आणि ते मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझं जे मत तेच माझं!"

"काहीतरीच तुमचं," मावशी म्हणाल्या, पण खूश झालेल्या दिसल्या.